मशीन दिवसभर चालतं, मग काम अडतं कुठे?

प्रश्न : आमचा छापखाना आहे. वडिलांनंतर मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. छपाईचं एक ऑफसेट मशीन, छापलेल्या कागदांना घड्या घालणारं एक फोल्डिंग मशीन, पुढे कटिंग आणि बाइंडिंग. आम्ही धरून अकरा माणसं. पाळी आठ तासांची, मध्ये अर्धा तास सुट्टी. गेला महिनाभर, म्हणजे कामाचे २६ दिवस, मी रोजची नोंद ठेवते आहे. ऑफसेट ९२ टक्के वेळ कामात असतं. दिवसाला सरासरी ४ जॉब छापून होतात, बाहेर पडतात ३. कोणी रिकामं बसलेलं दिसत नाही, तरी पार्टीला दिलेली तारीख पाळता येत नाही आणि महिनाअखेरीला हातात पैसा राहत नाही. छापून झालेले पण बाहेर न पडलेले जॉब महिन्यापूर्वी १० होते, आज ३६ आहेत. फर्मे, म्हणजे छापून झालेले मोठे कागद, ठेवायला जागा नाही म्हणून आता जिन्याखाली रचतो. फोल्डिंगवरचा मुलगा हुशार आहे, पण गाडीवरचा माणूस महिन्यापूर्वी सोडून गेल्यापासून माल भरायलाही तोच जातो. रोज दीडेक तास त्यात जातो. भाऊ म्हणतो, आपल्या मशीनची क्षमता संपली, दुसरं ऑफसेट घेऊ. महिनाअखेरीस आगाऊ रक्कम भरायची आहे, पण माझा जीव धजत नाही. एका दिवसाचा तक्ता सोबत जोडला आहे. आपण हातातली साधनं नीट वापरतोय की नाही, हे मोजायचं तरी कसं? (नाव छापू नये.)

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी ९२ टक्क्यांपाशी थांबलो नाही, जिन्याखाली थांबलो. तुम्ही ते वाक्य जागेची अडचण म्हणून लिहिलंत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच गठ्ठ्यांत आहे. तरी आधी ९२ कडे वळतो, कारण भावाचा सगळा भरवसा त्या आकड्यावर आहे.

तुम्ही जोडलेल्या तक्त्यात त्या दिवशी कामाची ४५० मिनिटं होती. त्यातली ४१४ मिनिटं मशीन ‘कामात’ होतं, म्हणून ९२ टक्के. पण त्याच तक्त्यात खाली बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय की प्लेट बदलणं, रजिस्टर (म्हणजे रंगावर रंग) जुळवणं, ब्लँकेट (कागदावर छाप उमटवणारं रबरी आवरण) धुणं यात ११४ मिनिटं गेली. म्हणजे कागद प्रत्यक्ष धावला तो ३०० मिनिटं. ४५० पैकी ३००, म्हणजे ६६.७ टक्के. मशीनचा वेग ताशी १०,००० शीटचा आहे असं तुम्हीच लिहिता. त्या वेगाने ३०० मिनिटांत ५०,००० शीट निघाली असती, निघाली ३६,०००. म्हणजे ७२ टक्के. त्यातली १,८०० रद्दीत गेली, चांगली उरली ३४,२००. म्हणजे ९५ टक्के. या तिन्हींचा गुणाकार करा, ४५.६ टक्के येतात. पडताळून पाहायचं असेल तर सरळ बघा : ४५० मिनिटांत पूर्ण वेगाने ७५,००० चांगली शीट मिळू शकली असती, मिळाली ३४,२००. भागाकार तोच येतो.

ही पद्धत माझी नाही. सेइची नाकाजिमा या जपानी तज्ज्ञांनी यंत्रांच्या देखभालीवर काम करताना ती मांडली आणि आज जगभरचे कारखाने ती वापरतात. मिळालेल्या वेळातला किती वेळ यंत्र चाललं, चाललं तेव्हा किती वेगाने, आणि निघालेल्या मालातला किती चांगला, असे तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरांचा गुणाकार करायचा. बेरीज नाही, सरासरीही नाही. या गुणाकारातच तिची ताकद आहे, कारण एका ठिकाणची गळती दुसऱ्या ठिकाणच्या चांगल्या आकड्याआड लपत नाही. नाकाजिमांनी चांगल्या कारखान्यासाठी ९०, ९५ आणि ९९ टक्क्यांच्या वरचे आकडे सुचवले होते. त्यांचा गुणाकार ८५ च्या आसपास येतो. हा ८५ कोणी तुमच्या तोंडावर फेकला तर मनावर घेऊ नका. एकच वस्तू दिवसभर काढणाऱ्या यंत्राचं मोजमाप दिवसाला चार वेगवेगळे जॉब लावणाऱ्या यंत्राला जसंच्या तसं लावता येत नाही. तुमचा आकडा तुमच्याच मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून बघा, तेवढं पुरेसं आहे.

म्हणजे ‘क्षमता संपली’ हे भावाचं म्हणणं टिकत नाही. त्या दिवशी ऑफसेटची निम्म्याहून अधिक क्षमता शिल्लक होती. शिवाय हा हिशेब एका पाळीपुरता आहे. आठवड्यात १६८ तास असतात, तुम्ही ४८ तास काम करता. मशीन विकत घेतलं ते १६८ तासांसाठी. रात्री छापखाना चालवा असं मी सुचवत नाही, पण नवीन यंत्राची गोष्ट निघाली की हा आकडा टेबलावर असायला हवा.

आता तुम्ही म्हणाल, मग ते ४५.६ वाढवायला लागू का?

नको. इतक्यात नको.

बहुतेक लोक इथेच चुकतात, मीही चुकलो आहे. मी एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचं काम करत होतो. प्रत्येक विभागाचा ताशी उत्पादनाचा आकडा रोज सकाळी फळ्यावर लागायचा. आकडा पडू नये म्हणून आम्ही पुढच्या महिन्याचे भाग या महिन्यातच कापून ठेवायचो. यंत्र कधी थांबलेलं दिसायचं नाही, फळा सुंदर दिसायचा. एके दिवशी गिऱ्हाइकाने आराखडा बदलला आणि जाळीच्या पिंजऱ्यांत रचलेले ते सगळे भाग भंगारात गेले. ते भरून नेणारी गाडी मी दारात उभा राहून पाहिली आहे. आम्ही यंत्र वापरलं होतं, पण त्या वापराचा कुणालाच उपयोग झाला नव्हता. टोयोटात ताइची ओनो यांनी यासाठी फार नेमका भेद केला होता. दहा माणसं १०० नग काढत होती, आता १२० काढतात. पण मागणी १०० चीच असेल तर वाढलेली कार्यक्षमता फक्त दिसण्यापुरती, कारण वरचे २० नग नुसते साठणार. गरजेपेक्षा जास्त काढणं ही त्यांनी सगळ्यांत वाईट उधळपट्टी मानली, कारण बाकीच्या उधळपट्ट्या तिच्या पोटात लपतात.

तुमच्या जिन्याखाली तेच चाललंय. घोडं कुठे पेंड खातंय ते बघा. ऑफसेट रोज ४ जॉब काढतं, बाहेर ३ पडतात. रोज एक मागे राहतो. २६ दिवसांत २६ राहिले. आधीचे १० मिळवा, ३६. तुमचीच नोंद पैन् पै जुळते. गठ्ठे ऑफसेटच्या अलीकडे साठले असते, म्हणजे कोरे कागद छपाईची वाट पाहत पडले असते, तर भावाचं बरोबर होतं. ते साठलेत ऑफसेटच्या पलीकडे, फोल्डिंगच्या तोंडाशी. काम जिथे तुंबतं त्याच्या लगेच पुढे अडथळा असतो. दुसरं ऑफसेट आणलंत तर दिवसाला ८ जॉब छापून होतील, बाहेर पडतील तेच ३. जिना कमी पडेल आणि घरातली खोली रिकामी करावी लागेल.

आणि तुमच्या छापखान्यात सगळ्यांत जास्त कामात असलेला माणूस तोच, ज्याला तुम्ही गाडी भरायला पाठवता! त्याचा दिवस मिनिटांत मांडू. पाळीची ४८० मिनिटं, सुट्टीची ३० वजा, उरली ४५०. गाडीवर ९०, उरली ३६०. त्यात ३ जॉब, म्हणजे एका जॉबला साधारण दोन तास. गाडीचं काम दुसऱ्याला दिलंत तर ४५० मिनिटांत पावणेचार जॉब होतील. सुट्टीच्या अर्ध्या तासात बाइंडिंगमधल्या एखाद्याने यंत्र चालू ठेवलं, तर पूर्ण ४८० मिनिटं मिळतील आणि ४ जॉब होतील. (मुलाची सुट्टी कापायची नाही, ती त्याला मिळालीच पाहिजे. सुट्टी माणसाची असते, यंत्राची नाही.) एकही वस्तू विकत न घेता तुमची आवक आणि जावक सारखी झाली.

ऑफसेटवरचा तासभर वाया गेला तर तुमचं आज काहीच बिघडत नाही, फक्त गठ्ठा थोडा कमी वाढतो. फोल्डिंगवरचा तासभर गेला तर तो अख्ख्या छापखान्याचा गेला. म्हणून तीन प्रश्नांचा तो गुणाकार फोल्डिंगवर करा. तिथे थांबण्याचं प्रत्येक कारण लिहा. खराब शीट फोल्डिंगवर चढण्याआधीच वेगळी काढा, नाहीतर सर्वांत महाग वेळ रद्दीला घड्या घालण्यात जाईल. फोल्डिंगच्या पुढ्यात एका दिवसाचं काम तयार असू द्या, त्याहून जास्त नको. तेवढं असेल तेव्हा ऑफसेटला थांबू द्या. मशीनमन त्या वेळात रोलर साफ करेल, पुढच्या प्लेट लावून ठेवेल. ऑफसेट थांबलेलं पाहून तुमच्या भावाच्या पोटात कालवाकालव होईल, मला ठाऊक आहे. त्याला जिन्याखाली न्या आणि तिथे उभं राहून हेच बोला.

एक गोष्ट फोल्डिंगच्या सेटिंगविषयी. जॉब बदलताना यंत्र थांबवून काय काय केलं जातं ते एकदा नुसतं उभं राहून पाहा. पुढच्या जॉबचे फर्मे शोधणं, घडीचा नमुना मिळवणं, पाना आणायला जाणं, ही कामं यंत्र चालू असतानाही उरकता येतात. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यांनी १९६९ साली टोयोटातल्या, पत्र्याला आकार देणाऱ्या १,००० टनी प्रेसचं सेटिंग याच विचाराने ४ तासांवरून ९० मिनिटांवर आणि पुढे ३ मिनिटांवर आणलं. यंत्र थांबल्यावरच करता येतात ती कामं वेगळी, चालू असताना उरकता येतात ती वेगळी, एवढी फोड त्यांनी पहिल्यांदा केली. तुमचं सेटिंग ३ मिनिटांवर यायची गरज नाही. दर जॉबमागे दहा मिनिटं सुटली तरी दिवसाला ४० मिनिटं हाती येतात.

आता तारखांकडे. ४ आले, ४ गेले म्हणजे प्रश्न सुटला असं वाटेल, पण सुटत नाही. साठलेले ३६ तसेच पडून राहतात. शिवाय आवक-जावक तंतोतंत सारखी असेल तर एखादा दिवस बिघडला की तो कधीच भरून निघत नाही. हे नीट समजून घ्या, कारण साधनांचा वापर म्हणजे १०० टक्के वापर, ही समजूत याच ठिकाणी माणसाला बुडवते. जॉब केव्हाही येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा असतो. अशा कामांची एका यंत्रापुढची रांग गणिताने मांडता येते. एका जॉबला सरासरी दोन तास धरा. यंत्र ८० टक्के भरलेलं असेल तर रांगेसकट जॉब पार पडायला सरासरी १० तास लागतात. ९० टक्क्यांना २० तास. ९५ टक्क्यांना ४० तास. १०० टक्क्यांना रांग वाढतच जाते, तिला अंत नाही. शेवटच्या पंधरा टक्क्यांसाठी तुम्ही चौपट वाट पाहायला लावता, आणि ती वाट तुमची पार्टी पाहते. ज्याच्यावर सगळं अडतं त्या यंत्राजवळ थोडी मोकळीक ठेवणं म्हणजे उधळपट्टी नव्हे. तारीख पाळायची तर ती मोकळीक लागतेच.

म्हणून फोल्डिंग संध्याकाळी दोन तास जास्त चालवा. बाइंडिंगमधल्या एकाला ते यंत्र शिकवा, त्याला जादा वेळेचा योग्य मोबदला द्या. दहा तासांत ५ जॉब होतील. येतात ४. म्हणजे यंत्र ८० टक्के भरलेलं, आणि रोज एक जुना जॉब निकालात. ३६ कामाच्या दिवसांत जिन्याखालची जागा मोकळी होईल. त्यानंतर सेटिंगमध्ये सुटलेल्या मिनिटांची मोकळीक हाती असेल, तर जादा वेळ फक्त कामाची गर्दी होईल तेव्हाच.

तोवर पार्टीला तारीख देताना अंदाज नको, भागाकार करा. आज छापून झालेल्या जॉबपुढे ३६ उभे आहेत. दिवसाला ३ या वेगाने त्याचा नंबर लागायला १२ दिवस. तुम्ही आजवर किती दिवसांची तारीख देत होतात ते तुम्हाला माहीत. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६१ साली याच नात्याची गणिती सिद्धता दिली : आवक-जावक दीर्घकाळ स्थिर असेल तर आत असलेली कामं म्हणजे कामं येण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा वेळ. दिवसाला ४ जॉब आणि पार्टीला तीन दिवसांची तारीख हवी असेल, तर फाटकाच्या आत एका वेळी सरासरी १२ जॉब असायला हवेत. ३६ असताना तीन दिवसांचा शब्द देणं म्हणजे खोटं बोलणं, मग ते कितीही चांगल्या मनाने असो.

पैशाविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीत. हातात पैसा राहत नाही, कारण तो जिन्याखाली आहे. कागद, शाई, प्लेट, पगार सगळं देऊन झालंय, आणि बिल मात्र माल बाहेर पाठवल्याचं चलन निघाल्याशिवाय होत नाही. आणखी २६ जॉबांचा पैसा एका महिन्यात तिथे जाऊन बसला. हिशेबनीसाला दोन भागाकार करायला सांगा. वर्षाची विक्री भागिले धंद्यात गुंतलेली एकूण मालमत्ता, हा एक. नफा भागिले विक्री, हा दुसरा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे गुंतवलेल्या पैशावरचा परतावा. ड्युपाँ या अमेरिकी रसायन कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी शंभरएक वर्षांपूर्वी ही मांडणी रुळवली आणि ती आजही त्या कंपनीच्या नावाने ओळखली जाते. समजा तुमची विक्री मालमत्तेच्या ३ पट आहे आणि नफा विक्रीच्या ४ टक्के. परतावा १२ टक्के. नवीन यंत्राने मालमत्ता दीडपट झाली आणि बाहेर पडणारे जॉब तेवढेच राहिले, तर ३ पटीचे २ पट होतात आणि परतावा ८ टक्क्यांवर येतो. कर्जाचं व्याज आणि घसारा तर यात धरलेलाही नाही. भावाला हे तुमच्या खऱ्या आकड्यांनी करून दाखवा. मात्र एक सांभाळा : यंत्र जुनं झालं की घसाऱ्यामुळे पुस्तकातली त्याची किंमत उतरते आणि काहीही न करता पहिला आकडा चांगला दिसू लागतो. त्याने हुरळून जाऊ नका.

माणसांच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला विनवतो, ‘कोण किती वेळ कामात’ याचा तक्ता लावू नका. ज्या दिवशी तसा तक्ता भिंतीवर लागेल, त्या दिवसापासून सगळे कामात दिसू लागतील आणि तुम्हाला खरं काही कळायचं बंद होईल. मोजायचं तर यंत्र मोजा. सोपी रीत आहे, टिपेट या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी ती कापडगिरण्यांत वापरली होती. दिवसातून दहा वेळा, ठरावीक नव्हे तर चिठ्ठी काढून ठरवलेल्या वेळी, फोल्डिंगकडे एक नजर टाका आणि लिहा : चालू, सेटिंग, फर्म्याची वाट, माणूस नाही, बिघाड. शंभर नोंदी झाल्या की टक्केवारी बहुतेक वेळा फार तर दहा अंकांनी इकडेतिकडे असेल. चारशे झाल्या की पाच अंकांनी. ‘माणूस नाही’ हा रकाना पहिल्याच आठवड्यात काय सांगतो ते बघा. आणि हे का मोजतोय ते त्या मुलाला आधी सांगा. अडथळा तो नाही, अडथळ्यावर उभा राहून तो तुमचा छापखाना ओढतोय. त्याला हे तुमच्या तोंडून ऐकू द्या.

भावाची चूक काढू नका. काम वाढतंय हे त्याचं म्हणणं खरंच आहे. फोल्डिंग सुटल्यावर अडथळा दुसरीकडे सरकेल, कदाचित कटिंगवर, कदाचित खरोखरच ऑफसेटवर. तेव्हा त्या ४५.६ चं काम हाती घ्या, आणि तरीही पुरेना तर दुसऱ्या यंत्राचा विचार जरूर करा. पण त्या दिवशी कोरा कागद ऑफसेटच्या अलीकडे रचलेला दिसायला हवा.

यंत्रविक्रेत्याला उद्याच फोन करून दोन महिन्यांची मुदत मागा. दिली नाही तर आगाऊ रक्कम भरू नका. आणि येत्या सोमवारपासून, दुसरं काही जमलं नाही तरी, गाडी भरायला दुसरा माणूस पाठवा. दोन आठवड्यांनी जिन्याखालचे जॉब पुन्हा मोजा आणि आकडा मला कळवा. मी वाट पाहतो आहे.